सूर जातो तेव्हा

दुपारी जेवणाच्या टेबलावर नवऱ्याने गिटारचा जुना ॲम्प्लिफायर उघडून ठेवला आहे. आतले काचेचे व्हॉल्व्ह तांबूस पेटलेत. त्याला फोनवरचा तानपुरा जोडलाय. सूर मध्येच जातो, मध्येच परत येतो. असला दोष चालू मशीनमध्येच शोधावा लागतो म्हणे. दोन्ही हात आत असताना शॉक बसला तर तो छातीतून जातो, म्हणून एक हात खिशात घालून तो लाकडी उलथन्याने एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकतोय आणि तोंडाने काहीबाही बडबडतोय. “मी बोलायचा थांबलो तर मेन स्विच पाड. मला हात लावू नकोस,” असं त्याने आधीच बजावलंय. मी स्विचपाशी उभी आहे.

कायमचा गेलेला आवाज माणूस कसाबसा पचवतो. जाऊन पुन्हा येणाऱ्या आवाजाची धास्ती मात्र संपत नाही. शेवटच्या आजारात बाबांचा श्वास असाच अडखळायचा, आणि तो परत येईपर्यंत आम्हीही श्वास रोखून बसायचो.

तानपुरा थांबला. त्याच्याबरोबर नवऱ्याची बडबडही.

मी स्विच पाडला. पंखा गरगरत मंदावला.

“अगं, सापडलं होतं. तिसऱ्या व्हॉल्व्हची पिन सैल आहे. नीट ऐकायला म्हणून गप्प झालो,” तो वैतागून म्हणाला. “लाव परत.”

व्हॉल्व्हमधला उजेड हळूहळू विझत होता. स्विचवरचा माझा हात काही वर जाईना.

“लावते,” मी म्हटलं. “तू आधी बोलायला लाग.”