भाऊंच्या नावावर राहिलेली चूक

श्री. शांताराम भोईर यांना, म्हणजे आपल्या सर्वांच्या भाऊंना, मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते एका घराच्या ओट्यावर बसून मच्छरदाणीच्या भोकात मूठ घालत होते. मुरबाड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून मी त्याच सकाळी रुजू झाले होते आणि भाऊ आमचे आरोग्य सहाय्यक, माझे वरिष्ठ. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "अंगठा जातो ते भोक आज शिवायचं. मूठ जाते ते कालच शिवायला हवं होतं. डोकं गेलं, तर ती मच्छरदाणी नाय, पडदा." मग खिशातून सुई-दोरा काढून त्यांनी ते भोक शिवले आणि त्यानंतर माझे नाव विचारले.

भाऊंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी त्यांच्या गुणांविषयी लिहा, असे संपादकांनी मला सांगितले आहे. गुणांविषयी इतर मंडळी लिहितीलच. मला एका चुकीविषयी लिहायचे आहे. ती तेरा वर्षे भाऊंच्या नावावर आहे आणि ती त्यांची नाही. हा लेख छापण्याआधी त्यांना दाखवलेला नाही. दाखवला असता तर त्यांनी अर्धा खोडला असता.

पहिल्याच दिवशी वाटेने चालता चालता भाऊंनी मला मच्छरदाणीचे सगळे शास्त्र सांगितले होते. औषध धाग्यातच असते. ती वरचेवर धुवायची नाही, धुवायची तर टबात, साध्या साबणाच्या पाण्यात, आपटायची नाही आणि सावलीत वाळवायची. "आणि बाई, मच्छरदाणी काळी दिसली तर कोणावर रागवू नका," ते म्हणाले. "एकाच खोलीत चूल, तिथंच झोपणं. धुरानं काळी व्हणारच. काळी असली तरी काम करते." मी मान हलवली. माझे लक्ष चिखलात रुतणाऱ्या माझ्या नव्या चपलांकडे होते.

भाऊ स्वतः खर्डीकडच्या भातशेती करणाऱ्या घरातले. त्यामुळे असेल, लोक एखादी गोष्ट का करतात हे त्यांना न विचारता कळे, आणि कळत नसे तेव्हा ते विचारत. एका घरी सरकारी मच्छरदाणी कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलेली दिसली. मी तोंड उघडणार, इतक्यात भाऊंनी घरच्या म्हातारीला विचारले, "आजी, आत टांगायला काय अडचण?" अडचण एवढीच होती, की कुडाच्या भिंतीत खिळा ठरत नव्हता. भाऊंनी वाशांना दोऱ्या बांधून दिल्या, माणसे कशी झोपतात ते पाहून त्यांची लांबी बेतली आणि कोंबड्यांसाठी जुने पोते शोधून दिले. भात राखायला शेतातल्या माळ्यावर झोपणाऱ्यांसाठी चार बांबूंची चौकटही त्यांचीच. मच्छरदाणी वाटून झाली की खात्याचे काम संपे, भाऊंचे तिथून सुरू होई. वापर झाला नाही तर दोष आधी टांगणीत शोधावा, माणसात नंतर, असे ते म्हणत.

मी मात्र माणसातच शोधत होते. मी कल्याणची, टापटिपीत वाढलेली, आणि तोंडाने फटकळ. वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या घराघरांतल्या काळ्याकुट्ट मच्छरदाण्या पाहून माझे डोके फिरले. भाऊ त्या आठवड्यात तानशाकडे गेले होते. मी बायकांना गोळा करून चांगले फैलावर घेतले. "एवढ्या घाणीत पोरांना झोपवता, लाज नाही वाटत?" असे मी बोलले. हे शब्द माझे आहेत, जसेच्या तसे. चांगुणा नावाची तरुण आई सगळ्यांत खाली मान घालून बसली होती. पुढच्या खेपेला तिची मच्छरदाणी पांढरीशुभ्र होती. मी ती बैठकीत सगळ्यांना दाखवली, चांगुणाला पुढे बोलावून कौतुक केले. ती लाजली आणि मला फार बरे वाटले.

ती मच्छरदाणी चांगुणा दर आठवड्याला ओढ्यावर नेत होती. धुण्याच्या सोड्यात भिजवून, दगडावर आपटून, भर उन्हात करवंदीच्या जाळीवर वाळत घालत होती. धुराबरोबर औषधही गेले आणि काट्यांनी भोके पडली. पावसाळा सरता सरता तिच्या सहा वर्षांच्या मनीला ताप आला. दोन दिवस घरच्यांना साधाच वाटला. तिसऱ्या दिवशी मनी आईला ओळखेना. जीप मुरबाडला पोहोचायच्या आधीच ती गेली. तिच्या रक्ताच्या काचपट्टीचा निकाल त्यानंतर आला. मेंदूत जाणारा मलेरिया होता.

मच्छरदाणी धड असती तर मनी वाचलीच असती, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. भाऊ मला हे कितीदा म्हणाले आहेत. मला त्याचा आधार घेता आलेला नाही.

चौकशीला वरचे साहेब वाडीत आले. वाडी जमली. बायका म्हणाल्या, नर्सबाईंनी धुवायला सांगितले. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. तेवढ्यात भाऊ पुढे झाले. "बाई नवीन आहेत. मीच त्यांना तसं सांगायला लावलं होतं. चूक माझी," ते म्हणाले. साहेबांनी लिहून घेतले. चांगुणाने भाऊंकडे पाहिले, ते पाहणे मी विसरलेले नाही. आणि मी गप्प राहिले.

खाली उतरताना मी रडत विचारले, "भाऊ, का?" ते म्हणाले, "तुमच्यावर ठपका गेला तर उद्या एकबी आई तुमच्याकडं पोर घेऊन येणार नाय. माझ्याकडं कोण येतंय पोर घेऊन? तुमी इथं राहायला पायजे." मग म्हणाले, "पण ते बोलणं पुन्हा कुणाला बोलू नका." त्यांनी मला दिलेली शिक्षा एवढीच. मी ती पाळली.

भाऊंची बढती अडली ती अडलीच. दोन वर्षांपूर्वी ते त्याच पदावरून निवृत्त झाले. 'भोईर भाऊंच्या सांगण्याने पोर गेली' हे वाक्य मी बाजारात ऐकले आहे, गाडीत ऐकले आहे, एकदा त्यांच्या समोरही ऐकले आहे. भाऊंनी तेव्हाही चेहरा पडू दिला नाही. माझ्याकडे मात्र आया पोरे घेऊन येत राहिल्या. आज या परिसरात माझे जे काही नाव आहे, ते दुसऱ्याच्या अब्रूवर उभे आहे. मला याची लाज वाटते आणि ती उशिरा वाटते आहे.

हे लिहायला बसण्याआधी, गेल्या आठवड्यात मी त्या वाडीवर गेले. चांगुणा अंगणात भात वाळवत होती. भाऊंनी मला बजावले होते आणि मी ऐकले नव्हते, हे मी तिला उभ्या उभ्या सांगितले. ती हाताने भात पसरत राहिली. हाकलून दिले असते तर मला बरे वाटले असते. भात सारखे पसरून झाल्यावर ती म्हणाली, "भाऊ दरसाल येतात. पावसाच्या आधी."

हे मला ठाऊक नव्हते.

"मच्छरदाणी बघतात. फाटली आसंल तं शिवतात, नि जातात. तेरा वरसां मी त्यांना पानी दिला, बाय. पन बसा मी कंदी बोलले नाय. उभ्यानंच शिवतात ते." मग तिने पदराने तोंड पुसले आणि विचारले, "औंदा येतील ना?"

मला तिने बसायला सांगितले नाही. ते बरोबरच आहे.

भाऊंचे गुडघे आता फार दुखतात, डॉक्टरांनी चढण वर्ज्य केली आहे, हे आपणा सर्वांना माहीत आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावे, ही आपल्या सगळ्यांचीच इच्छा. माझे मागणे त्यात थोडे अधिक आहे. येत्या पावसाआधी ती एक चढण चढण्याइतके बळ त्यांच्या पायांत असावे. भाऊ, हवे तर मी हाताला धरून नेईन. चांगुणाला तुम्हाला बसा म्हणायचे आहे.