जिजाबाईंचा बसलेला गळा

जिजाबाई रामटेके यांचा गळा १९९८च्या भीमजयंतीला तिरोडीच्या मंचावर बसला, असे बालाघाटात सगळेच सांगतात. गेल्या वर्षापर्यंत जिजाबाईही तेच सांगत.

त्यांचे गाणे विहारात सुरू झाले. वडील वंदना म्हणत. त्यांना धाप लागली की पुढची गाथा लहानगी जिजा उचलून घेई. पुढे भीमगीतांचे मंच आले, मग कव्वालीचे मुकाबले: समोरासमोर दोन पार्ट्या, गाण्यातूनच सवाल आणि जवाब. पेटीवर धाकटा भाऊ पुनाराम असे. पट्ट्यांची नावे जिजाबाई कधी शिकल्या नाहीत. "काळी कोन्ती, पांढरी कोन्ती, मले काय माहीत? भाऊ देईन तो माहा सूर," हे त्या अभिमानाने सांगत.

तिरोडीत समोर संघमित्रा ही तरुण गायिका होती. शेवटच्या गाण्यात, वरच्या ओळीवर जिजाबाईंचा आवाज फाटला. मुकाबल्यात सुरू केलेले गाणे थांबवणे म्हणजे हार. त्या तशाच गात राहिल्या आणि लोक हसत राहिले. पुढच्या हंगामात पुनाराम संघमित्राच्या पार्टीत गेला. त्याला जिजाबाईंनीच पाठवले होते: "माहा गळा गेला, तुहे हात काहून बसवून ठेवू?" त्यानंतर त्या मंचावर चढल्या नाहीत. विहारातही नुसते ओठ हलवत. दर हिवाळ्यात पुनाराम त्यांच्या घशासाठी ज्येष्ठमध आणून देई.

गेल्या वर्षी त्या कार्यक्रमाची कॅसेट एका मंडपवाल्याकडे मिळाली. शेवटचे गाणे काळी पाचमध्ये आहे. जिजाबाई एक स्वर खालच्या काळी चारमध्ये गात. यंत्र वेगाने फिरले तरी सूर चढतो, म्हणून एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नव्हता. परंतु त्याच बाजूवरचे त्यांचे आधीचे गाणे काळी चारमध्येच आहे. हेच शेवटचे गाणे त्या तिरोडीआधी लालबर्र्यात गायल्या होत्या; त्याच्या ध्वनिमुद्रणातही पेटी काळी चारमध्येच आहे.

जिजाबाईंनी दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकली. "पुन्हा लाव," एवढेच म्हणाल्या.

डिसेंबरात पुनाराम पुडी घेऊन आला.

"बस. तिरोडीले सूर कोन्ता देल्ला होता?"

"नेहमीचाच, बाई. तुले सर्दी होती ना."

"सर्दी होती हे मले तूच सांगतलं होतं."

कॅसेट वाजली. पुनारामने मान खाली घातली. त्याला दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती.

"संघमित्राचे लोक पोस्टरवर माहं नाव छापनार होते," तो म्हणाला. "तुह्या पोस्टरवर 'जिजाबाई आणि पार्टी'. सारी जवानी मी पार्टीच होतो, बाई."

"मंग नाव मांगायचं होतं. गळा काहून घेतला?"

"एक गानं बिघडन, वाटलं. तू गानंच सोडशीन हे नाही वाटलं."

"अन् सोडल्यावर? दरसाल पुडी आनाले तोंड होतं, सांगाले नव्हतं?"

जिजाबाईंनी पुडी त्याच्याकडे सरकवली. "हे तूच खाय. खरं बोलाले गळा लागते."

पुढच्या पौर्णिमेला जिजाबाईंनी विहारात पेटीशिवाय, मोठ्याने वंदना धरली, त्यांच्या जुन्याच पट्टीत. तिसऱ्या गाथेला आवाज फाटला. या वेळी सूर त्यांनी स्वतःच घेतला होता.