सहावा गठ्ठा

सून म्हणाली, "मामा, वर्षभरात ज्याला हात लावला नाही, ते टाकायचं."

तिने हॉलमध्ये तीन खोकी मांडली होती. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. तिला घरून काम करायला एक खोली हवी होती आणि माझी खोली सोडली तर घरात दुसरी नव्हती. मी हॉलमध्ये झोपायला तयार होतो, पण माझ्या खोलीतल्या कपाटांना आणि ट्रंकांना हॉलमध्ये जागा नव्हती. तीन दिवस ती एकेक वस्तू उचलून मला दाखवत होती. बंद पडलेला रेडिओ, तिच्या सासूबाईंचं शिवणयंत्र, तीन छत्र्या, त्यातली एकही धड उघडत नाही.

"हे कधी वापरलंत?"

"नाही वापरलं."

"मग?"

मी तिला म्हणालो, "तुझी तीनच खोकी. आमच्या कचेरीत सहा गठ्ठे असायचे."

ती हसली. "म्हणूनच तुमची कामं व्हायची नाहीत."

सहा गठ्ठ्यांची पद्धत सरकारी कारकुनाला पाठ असते. चालू कामाचे कागद, उत्तराची वाट पाहणारे कागद, ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल, कायमचे आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद, आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. अभिलेख कक्षात गेल्यावर पुन्हा चार वर्ग. अ म्हणजे कायम जपायचे, ते लाल रुमालात बांधायचे. ब आणि क ठरावीक वर्षं ठेवायचे. ड म्हणजे वर्षभराने जाळायचे. मी बावीस वर्षं अभिलेख कक्ष सांभाळला. कोणता कागद जगणार आणि कोणता जळणार, हे माझ्या हाताने लिहिलं जायचं.

चौथ्या दिवशी सुनेने तळातली ट्रंक ओढली. जुनी पुस्तकं, माझ्या नेमणुकीचं पत्र, आणि त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेली एक टंकलिखित यादी. 'नष्ट करावयाच्या कागदपत्रांची यादी.' कार्बनची तिसरी प्रत.

"हे तर टाकायचंच," ती म्हणाली.

"ते राहू दे."

"मामा, नष्ट करायची यादीसुद्धा तुम्ही जपून ठेवली?"

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. माझ्या बायकोलाही मी ते कधी सांगितलं नव्हतं. तेच इथे लिहितो.

त्याला पस्तीस वर्षं झाली. आमच्या साहेबांची टापटीप जिल्ह्यात प्रसिद्ध होती. त्यांच्या टेबलावर संध्याकाळी सहा वाजता एक कागद दिसायचा नाही. इतर कचेऱ्यांतली माणसं ते टेबल बघायला यायची. त्या वर्षी तपासणी होती म्हणून साहेबांनी स्वच्छता मोहीम काढली. पंधरा दिवस सगळी कचेरी धूळ झाडत होती.

त्याच दिवसांत माझ्या मित्राने, जो शेजारच्या टेबलावर कारकून होता, एक फाईल माझ्याकडे दिली. शुक्रवार पेठेतल्या एका गल्लीत कुणीतरी वाट अडवून गोदाम बांधलं होतं. गल्लीतल्या लोकांचे तीन अर्ज त्यात होते आणि मित्राने खाली स्पष्ट शेरा लिहिला होता, बांधकाम बेकायदेशीर, कारवाई व्हावी. साहेबांनी त्यावर काही न लिहिता फाईल परत केली होती आणि 'आता अभिलेखात टाका' एवढं तोंडी सांगितलं होतं. गोदाम साहेबांच्या मेहुण्याचं होतं. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

फाईल दुसऱ्याकडे देताना वहीत सही घ्यायची असते. मित्राने माझी सही घेतली नाही. आम्ही दोघं रोज एका डब्यात जेवायचो. त्याच्या घरची भाकरी, माझ्या घरचं कालवण. अशा माणसाची कोण सही घेतो?

मोहिमेपुरतं असं ठरलं होतं की नष्ट करायच्या यादीतच सगळ्या फायली वर्गासह लिहायच्या आणि ड असेल ते वर्षभर न थांबता जाळायचं. मी ही फाईल ब वर्गात लिहिली. यादी सहीसाठी साहेबांकडे गेली. त्यांनी एकेचाळीस क्रमांकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे किरकोळ अर्ज आहेत. ड."

मी म्हणालो, "साहेब, प्रकरण चालू आहे."

ते म्हणाले, "तुमची आई अजून अंथरुणावरच आहे ना? सांगोल्याला बदलीच्या यादीत तुमचं नाव दिसलं मला."

त्यांनी हिरव्या शाईने तिन्ही प्रतींवर ब खोडला, ड केला, आणि शेजारी छोटी सही केली. खाडाखोडीवर सही केल्याशिवाय कागद पुढे जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांनी त्याही दिवशी मोडला नाही. खाली मी सही केली. शनिवारी कचेरीमागच्या पत्र्याच्या पिंपात ते अर्ज मीच जाळले. सांगोल्याची बदली थांबली.

दोन महिन्यांनी गल्लीतले लोक आवक क्रमांक घेऊन आले. फाईल सापडेना. वहीप्रमाणे ती शेवटी मित्राच्या टेबलावर होती. चौकशीत तो म्हणाला, मी अभिलेख कक्षात दिली. मला विचारलं. मी म्हणालो, "माझ्याकडे आली नाही."

तीन शब्द. तो माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो.

त्याच्यावर फाईल गहाळ केल्याचा ठपका आला. दोन वेतनवाढी थांबल्या, कुर्डुवाडीला बदली झाली. पण खरं नुकसान ते नव्हतं. कचेरीत बोललं जाऊ लागलं की गोदामवाल्याकडून त्याने खाल्ले. तो माळशिरसकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, घराण्यात पहिला नोकरीला लागलेला. त्याचा बाप गावाहून आला, कचेरीच्या पायरीवर बसला आणि सगळ्यांच्या देखत त्याला म्हणाला, "किती घेतलंस ते सांग, म्हंजी मी बी गावाला खरं सांगतो." मी आत अभिलेख कक्षात रुमाल बांधत होतो. मला सगळं ऐकू येत होतं. बाप पुढच्या वर्षी गेला, तो तेच मनात धरून.

यादीच्या दोन प्रती साहेबांनी स्वतःकडे ठेवल्या, चौकशीत त्या आल्याच नाहीत; तिसरी मी घरी आणली. ती पश्चात्तापाने आणली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. मी ती भीतीने आणली. उद्या साहेब माझ्यावर उलटले तर त्यांची हिरवी सही माझ्याजवळ असावी म्हणून. ते कधी उलटले नाहीत. त्यामुळे कागद ट्रंकेत राहिला.

सून सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आणि ते साहेब?"

साहेब मजेत आहेत. त्याच आठवड्यात मला फोन आला होता. साहेबांना एक्याऐंशी पूर्ण झाली, मंगल कार्यालयात सत्कार आहे, तुम्ही त्यांच्या हाताखालचे सगळ्यात जुने, त्यांच्या टापटिपीवर दोन मिनिटं बोला. मी हो म्हणालो होतो.

सून उठली आणि तिने यादी पुन्हा पिशवीत घातली. ती कोणत्याही खोक्यात टाकली नाही, माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने टेंभुर्णीला गेलो. मित्राच्या मुलाचं तिथे हायवेजवळ ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. मित्र गल्ल्याशेजारी बसला होता. वाळला होता, पण पाठ ताठ होती.

"ये की," तो म्हणाला. "हिकडं कुटं?"

मी यादी त्याच्यासमोर ठेवली. तो एक क्रमांकापासून वाचू लागला, कारकून वाचतो तसा, ओळीखाली नख धरून. एकेचाळीसवर नख थांबलं.

"ह्यो ब हुता."

"हो."

"त्येनं ड केला."

"हो."

"आन् खाली सही तुजी."

"माझीच."

"कवापासनं हाय ह्ये तुज्याकडं?"

"तेव्हापासून."

"म्हंजी माझा बाप जित्ता हुता तवापासनं."

चहा आला. माझ्यापुढे कप ठेवला गेला. त्याने स्वतःसाठी घेतला नाही.

मी त्याला सत्काराचं सांगितलं. "आपण दोघं मिळून त्याला धरू," मी म्हणालो. "चारचौघांत. सगळ्या जुन्या माणसांसमोर."

"आपण?" तो म्हणाला. "आपण कुटनं आलं ह्यात? तू त्याच्यासंगं हुतास. माझ्यासंगं फकस्त जेवायला."

मुलगा दुकानाच्या आतून बघत होता. मित्राने यादीची घडी घातली आणि माझ्याकडे सरकवली.

"बोलायचं तर बोल. पर आदी तुजं नाव घे. साहेबाचं मागनं. तसं जमत नसंल तर जा आन् त्येच्या टेबलाचं कवतिक कर."

"तू येशील?"

"न्हाय. माझं काय ऱ्हायलंय तितं?"

परतीच्या बसमध्ये मला त्याचा राग आला, हेही लिहायला हवं. मी साहेबांवर सूड घ्यायला निघालो होतो आणि त्याने आधी मलाच उभं केलं होतं. एसटीत मला नेहमी झोप लागते. त्या दिवशी लागली नाही.

सुनेने यादीच्या साठ झेरॉक्स काढून आणल्या. हिरवी शाई झेरॉक्समध्ये काळी येते म्हणून तिने रंगीत काढल्या.

मंगल कार्यालयात साहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, शाल घेऊन बसले होते. माझ्या आधी बोलणाऱ्याने सांगितलं की साहेबांच्या टेबलावरून माशीसुद्धा घसरायची. लोक हसले. साहेबही हसले. मग माझं नाव पुकारलं.

मी म्हणालो, "साहेबांच्या टापटिपीबद्दल मला बोलायला सांगितलंय. त्याआधी माझ्याबद्दल. मी चौकशीत खोटं बोललो. फाईल माझ्याकडे आली होती. ती मी जाळली. ज्या माणसाला तुम्ही पैसे खाणारा म्हणालात, त्याने एक पैसा घेतला नव्हता." मित्राचं पूर्ण नाव मी तीन वेळा घेतलं. मग साहेबांकडे वळून एकेचाळीस क्रमांक वाचला आणि ब चा ड कुणी केला ते सांगितलं. सून रांगांमधून झेरॉक्स वाटत होती, एखाद्या लग्नात अत्तर लावत फिरावं तशी शांतपणे.

सूत्रसंचालक धावत आला, "धन्यवाद, धन्यवाद" म्हणत त्याने माईक काढून घेतला. अभिलेख कक्षात बावीस वर्षं मी जिन्यावरून ओरडून फाईलींचे क्रमांक सांगितले आहेत. मला माईक लागत नाही.

साहेबांचा मुलगा माझ्या कोपराला धरून म्हणाला, "काका, त्यांच्या वयाचा तरी विचार करा."

"तोच केला," मी म्हणालो. "अजून थांबलो असतो तर ते निसटले असते."

साहेबांनी झेरॉक्स डोळ्यांजवळ नेली. आपली सही ओळखली. त्यांच्या तोंडाचा रंग गेला, गाल खाली आले, आणि शालीखाली हात कागद चुरगाळायला लागले. ते मला एवढंच म्हणाले, "ही प्रत तुमच्याकडे असायला नको होती."

मला त्या क्षणी झालेला आनंद मी लपवणार नाही. तसा आनंद मला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी माझा जबाब सहीनिशी लिहून रजिस्टर पोस्टाने जुन्या कचेरीला पाठवला. मित्राच्या सेवापुस्तकाला जोडावा, अशी विनंती केली. उत्तर नाही. तलावावर सकाळी फिरायला येणारे जुने सहकारी आता माझ्याशी बोलत नाहीत. निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढलं. एकाने जाता जाता ऐकवलं, "स्वतः जाळलं आणि आता साधू झाला." त्याचं बरोबर आहे.

नवव्या दिवशी टेंभुर्णीहून फोन आला.

"कागद कुणीतरी हितं पोचवला," मित्र म्हणाला. "पोराला दावला. गावाकडं बी धाडलाय."

"बरं केलंस."

"म्या तुला माफ केलं आसं समजू नगंस."

"नाही समजत."

दुकानात कुणीतरी पाइपचा भाव विचारत होतं. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "साहेबाचं तोंड कसं झालं ते सांग."

मी सांगितलं. रंग कसा गेला, गाल कसे पडले, शालीखाली हात कसे चालले.

"आन् म्हनला काय?"

तेही सांगितलं.

"हां," तो म्हणाला. "आता पयल्यापासनं सांग. सावकाश."