शाहीनला परवानगी नाही

बाळापूरची शाहीन अकोल्यातल्या एका कृषी संशोधन संस्थेत सर्व्हर सांभाळायची. एकच मोठा संगणक, त्यावर साऱ्या संशोधकांचं काम. कोणाला कोणतं फोल्डर उघडता यावं हे तीच माणसांचे गट पाडून ठरवायची, नवीन सॉफ्टवेअरही तीच टाकायची. हे अधिकार दुसऱ्या कोणाकडेच नव्हते.

एका सकाळी कापूस विभागाचं फोल्डर तपासायला तिनं त्यांच्या गटात स्वतःचं नाव घातलं. दुपारी देवश्री आली. ती तुरीवर पीएचडी करत होती.

"शाहीनताई, आलेख काढायचं एक पॅकेज पायजे होतं."

शाहीननं कमांड दिली, पासवर्ड टाकला. उत्तर आलं: तुम्हाला हा अधिकार नाही, हा प्रकार अ‍ॅडमिनला कळवला जाईल.

पासवर्ड चुकला असेल म्हणून तिनं पुन्हा टाकला. तेच. बाहेर पडून लॉगिन केलं. लॉगिन नीट झालं, अधिकार मात्र नाही.

"कोणाले कळवून राह्यला हा?" देवश्रीनं विचारलं.

"मलेच. अ‍ॅडमिन मीच हावो ना!"

तो कळवलेला प्रकार ती पाहायला गेली, तर त्यालाही तोच अधिकार लागत होता. कोणी आत घुसलं की काय, अशी तिला शंका आली. सर्व्हर बसवून देणारा रोहित आता अमरावतीला होता. तिनं त्याला फोन लावला.

"सकाळी काय केलं व्हतं?"

"कापसाच्या गटात माझं नाव घातलं. बस."

"जुने गट राहू दे, असं सांगतलं का सर्व्हरले?"

"ते सांगा लागते?"

"नाही सांगतलं तर जुने सारे काढून टाकते. अ‍ॅडमिनचा गटही गेला तुमचा."

"पण मले एकदा विचारलं काहून नाही त्यानं?"

रोहित हसला. सर्व्हर बंद करून दुरुस्तीच्या मार्गानं आत शिरावं लागेल, म्हणाला. पण त्यावर देवश्रीचं मोठं गणित चालू होतं. मध्येच थांबवलं तर सारं पहिल्यापासून.

"होऊ दे तुझं," शाहीन म्हणाली.

गणित संपेपर्यंत दोन दिवस ती आल्यागेल्याला "मले परवानगी नाही" सांगत बसली. लोकांना ती थट्टा वाटली. मग सर्व्हर बंद करून तिनं आपला अधिकार परत घेतला आणि देवश्रीलाही दिला.

"मले काहून? माझ्यानं काही बिघडलं तर?"

"मंग मी हावो," शाहीन म्हणाली. त्या दिवशी नाव घालायला दिलेली एका ओळीची कमांड ती अजून पाहतच होती. चूक काय ते रोहितनं सांगितलं होतं, पण त्या ओळीत ती तिला कुठंच दिसेना.