कपाळापुरता फोटो

पाण्याचा खोटा थेंब ओळखायचा असेल तर त्याची सावली बघावी. नवशिके वर एक पांढरा ठिपका देतात आणि थेंब झाला म्हणून मोकळे होतात. खरं तर उजेड ज्या बाजूने येतो तिथे थेंब गडद असतो, उजेड आत शिरून पलीकडच्या कडेला साठतो आणि सावली त्याच्याही पुढे पडते. हे मला शहागंजातल्या छपाईच्या दुकानात, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करता करता कळलं. थेंब म्हटलं की गिऱ्हाइकं मलाच शोधत यायची. मला त्याचा गर्व होता, उगाच विनय कशाला दाखवू?

करमाडकडच्या एका जारवाल्याला लेबल हवं होतं. आठ-आठ दिवस नळ न येणाऱ्या शहरात पाणी विकणारा माणूस तो, त्याला थेंबही अगदी गार दिसायला हवे होते. माझे तीन नमुने त्याने परत पाठवले. मी सॉफ्टवेअरमध्ये लेअरवर लेअर चढवत बसले होते. दुकानाचे मालक, आमचे चाचा, मागे येऊन म्हणाले, "बेटा, इसमें मत ढूंढ. पानी कू देख."

त्याच आठवड्यात नळ आला. बाबा अंगणात ड्रम भरत होते. मी त्यांना तोंडावर पाणी मारून उन्हात उभं राहायला सांगितलं, आणि ते राहिले. माझं काम नेमकं काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. पोरगी सांगते म्हणजे करायचं, एवढंच. मी मोबाइल त्यांच्या कपाळाजवळ नेला, मागे घेतला, पुन्हा पाणी मारायला लावलं. तेवढ्यात ड्रम भरून वाहायला लागला. एरवी तांब्याभर पाणी सांडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, पण जागचा हलला नाही.

"झालं का माय?" त्यांनी एकदाच विचारलं.

मी म्हणाले, थांबा जरा, हलू नका.

शेवटी एक फोटो साधला, बाकीचे तिथल्या तिथे पुसले. दुकानात येऊन तो संगणकावर घेतला, आणि मोबाइल भरला होता म्हणून तिथूनही काढून टाकला. आमच्या दुकानाची सवयच अशी, की लागेल तेवढा तुकडा कापायचा आणि त्याच फाइलवर सेव्ह करायचा. संगणक जुना, जागा कायम कमी. मी कपाळाचा तुकडा ठेवला आणि उरलेलं उडवलं. लेबल पहिल्याच फटक्यात पास झालं.

दोन महिन्यांनी बाबा गेले. सकाळी चहा पिता पिता गेले, कुणाला पाणी पाजायचीही सवड दिली नाही. तेराव्याला ठेवायला फोटो हवा होता. आई म्हणाली, "नळाच्या दिवशी काढलास ना, त्योच लाव. बाकीचे लई जुने हायेत."

मी दुकानात जाऊन फाइल उघडली. एक भुवई, कपाळावरच्या तीन आठ्या आणि थेंब. तुकड्याच्या पलीकडे चेहरा दडून बसला असेल तसं मी मूर्खासारखी त्याच्या कडा ओढून बघत राहिले. चाचांनी कपाटातल्या जुन्या डिस्कसुद्धा लावून पाहिल्या. काही नव्हतं. स्वतःची इतकी चीड आली की त्यांच्याशी नीट बोलताही येईना.

आईला खरं सांगावं लागलं. मग आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात बाबा पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. आईने तो बघितला, बाजूला ठेवला आणि मला तो तुकडाच दाखवायला सांगितलं. तो मी दुकानातून मोबाइलवर घेऊन आले होते. मोबाइल तिने बराच वेळ हातात धरला. आठ्यांवरून तेवढं बोट फिरवलं.

"तवा हसत होते का गं ते?"

"व्हय," मी म्हणाले. "हसत होते."

तिला बरं वाटलं असावं. ती उठली आणि पाहुण्यांसाठी चहा टाकायला आत गेली. मी तिथेच बसून आठवायचा खूप प्रयत्न केला. अर्धा तास मी बाबांच्या पुढ्यात उभी होते, आणि त्यांच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं.