घराजवळचं भांडण

बायको गेल्यापासून मला घर खायला उठतं, म्हणून सकाळी इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या आमच्या बसस्टॉपवर जाऊन बसतो. तिथे एक गोरा म्हातारा रोज भेटतो. नाव मी विचारलं नाही, त्यानंही नाही. भर उन्हाळ्यातही त्याच्या गळ्यात शहराच्या रग्बी टीमचा निळा मफलर. बोलताना त्याचं टोक धुणं पिळावं तसं पिळत राहतो.

एकदा भलत्याच खुशीत म्हणाला, "दोस्ता, आपल्या शहराची दुसरी टीम लीगमध्ये येतेय."

मी म्हटलं, "मग रडा आता. तुमचे निम्मे पाठीराखे तिकडे पळतील."

"पळू देत. इतकी वर्षं समोरच्या टीमला शिव्या द्यायला लांबच्या गावी जायचो. आता भांडायला घराजवळ कुणीतरी आलं."

आमची ही चहातल्या साखरेवरून रोज भांडायची. आता चहा मुकाट्याने होतो.

नव्या टीमचे मफलर दुकानात आले तसा मी एक लालभडक घेतला. रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही. आज तो घालून स्टॉपवर गेलो. म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गद्दार," म्हणाला आणि सरकून जागा दिली.

त्याची बस आली, गेली. आमचं भांडण काही संपलं नव्हतं.