गव्हर्नरचं अकरावं मूल

मी काय जेवलो तेसुद्धा बायकोला फोनवर सांगतो, पण हे नाही सांगितलं. कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय—मलाही नीट कळत नाही.

घर दापोलीला. इथे बहारीनमध्ये, गुदैबियात एका खोलीत आम्ही चौघं, चौघांच्या शिफ्ट वेगळ्या. एकमेकांची अंथरुणं तेवढी ओळखीची. शुक्रवारी नमाज झाली की मी बसने जनाबियाला जायचो, कार्मेन मॅडमच्या व्हिलावर. मॅडम ब्याऐंशीच्या. नवरा इथेच वारलेला, मूलबाळ नाही, नजर जवळजवळ गेलेली. कॅलिफोर्निया मेक्सिकोकडे होता तेव्हा त्यांचे खापरपणजोबा तिथले गव्हर्नर होते. घराण्याची जुनी कागदपत्रं मॅडमच्या वडिलांनी इंग्रजीत उतरवून वह्या भरल्या होत्या. मी त्या मोठ्याने वाचायचो, मग टाइप करायचो. गव्हर्नरची गुरं, त्याची हट्टी बायको, दहा मुलं, अमेरिकन सैन्य आल्यावर गेलेल्या जमिनी—सगळं मला आपल्याच गावातलं वाटायला लागलं होतं.

मॅडमना मात्र एकच हवं होतं. त्यांची आजी म्हणायची, अकरावी एक मुलगी होती, जन्मताच कुठेतरी देऊन टाकलेली. बाकीच्या दहांचा वंश मॅडमपाशी संपत होता. त्या अकरावीच्या वंशातलं कुणी सापडलं तर हे घर बंद करून त्यांच्याकडे जाईन, असं त्या म्हणायच्या.

आणि मी? दर शुक्रवारी त्या दारातच विचारायच्या, जेवलास का. बहारीनमध्ये मला हे विचारणारं दुसरं कोण होतं?

सातव्या वहीत ते पान आलं. गव्हर्नरच्या बायकोने बहिणीला लिहिलेलं पत्र—आमच्या मोलकरणीला माझ्या नवऱ्यापासून झालेली मुलगी तुझ्याकडे पाठवते, बाप्तिस्म्याला तिची धर्ममाता तूच हो. मुलीचं नाव, गावाचं नाव, सगळं होतं. माझा आवाज थांबला. मॅडमनी मान वर केली.

"काही मिळालं?"

"मफी, मॅडम," मी म्हणालो. काही नाही. आणि पान उलटलं.

पुढे दोन वर्षं मी तिथे चहा प्यायलो, पोटभर जेवलो. दर शुक्रवारी त्या काही मिळालं का विचारायच्या आणि मी मफी सांगायचो. एकटेपणा म्हणाल तर त्यांचा माझ्याहून मोठा होता. मला तो दिसत होता.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. दफनाला पाद्री, व्हिलाचा वॉचमन आणि मी. पाद्रीने हळूच विचारलं, यांच्या घरचं कुणी?

"कुणी नाही," मी म्हणालो.

त्या मुलीचं नाव तेव्हाही मला पाठ होतं.